व्हिएतनामचा ई-व्हिसा काढताय? आधी साइटच्या पत्त्याचा शेवट बघा

व्हिएतनामला जायचं ठरवलेल्यांनी अर्ज भरायच्या आधी हे वाचावं, एवढ्यासाठीच लिहिते आहे. मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटीला थेट विमानं सुरू झाल्यापासून आमच्या नाशिकमधूनही मे महिन्यात आणि दिवाळीत कितीतरी कुटुंबं तिकडे जायला लागली आहेत. त्यातल्या अनेकांचा तो पहिलाच परदेश प्रवास असतो, पासपोर्ट नवाकोरा असतो आणि व्हिसाचा अर्ज भरायची वेळही पहिलीच. सरकारी पोर्टलची नक्कल करून जास्तीचे पैसे उकळणाऱ्या साइटवाल्यांना नेमकी अशीच माणसं हवी असतात.

खरी पद्धत खूप सोपी आहे, म्हणून ती आधी सांगते. व्हिएतनामच्या इमिग्रेशन विभागाचं स्वतःचं पोर्टल आहे. त्याचा पत्ता ईव्हिसा डॉट गव्ह डॉट व्हीएन. तिथे स्वतःचा फोटो आणि पासपोर्टच्या माहितीच्या पानाचा फोटो चढवायचा, प्रवासाच्या तारखा, उतरण्याचा विमानतळ आणि राहण्याचा पत्ता भरायचा. एकदाच प्रवेश करायचा असेल तर २५ डॉलर, पुन्हा पुन्हा ये-जा करायची असेल तर ५० डॉलर. १५ ऑगस्ट २०२३ पासून हा व्हिसा ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. कामकाजाचे साधारण तीन दिवस लागतात. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही, हे तिथे स्पष्ट लिहिलेलं आहे. याशिवाय कुठलंही ‘प्रक्रिया शुल्क’ नाही, ‘सेवा शुल्क’ नाही.

आता आमच्या बाबतीत काय झालं ते. आई-बाबा, दादा, वहिनी आणि मी असे पाच जण निघणार होतो. ६ मेचं विमान होतं. तिकिटं, हॉटेलं सगळं आधीच झालेलं, व्हिसा तेवढा राहिला होता. दादाने रात्री जेवणानंतर लॅपटॉप उघडला, गूगलवर शोधलं आणि सगळ्यात वर जी साइट आली ती उघडली. वर लाल झेंडा, त्यात पिवळा तारा. खाली हॅलाँग बेचा फोटो. मथळ्यात व्हिएतनाम, इमिग्रेशन, ई-व्हिसा हे तिन्ही शब्द. मी शेजारी बसून एकेक पासपोर्ट उघडून नंबर वाचून दाखवत होते. फॉर्ममधले रकाने अगदी सरकारी फॉर्मसारखे होते. नंतर खरा फॉर्म पाहिला तेव्हा कळलं की त्यांनी तो जवळजवळ जसाच्या तसा उचलला आहे.

सुरुवातीला माणशी २५ डॉलरच दिसत होते. पाचही जणांची माहिती भरून झाली, फोटो चढवून झाले आणि मग शेवटच्या पानावर आकडा आला माणशी ८९ डॉलर. सरकारी शुल्क, प्रक्रिया शुल्क आणि तातडीचं शुल्क. तातडीच्या चौकटीत आधीच टिकमार्क केलेला. सोबत एक सूचना, की ३० एप्रिल आणि १ मे या दिवशी व्हिएतनाममध्ये सार्वजनिक सुट्टी असल्यामुळे साध्या अर्जांना उशीर होऊ शकतो. ही सुट्टी खरी आहे. ३० एप्रिल हा त्यांचा एकीकरणाचा दिवस, दुसऱ्या दिवशी कामगार दिन. खऱ्या गोष्टीच्या आधारानेच त्यांनी भीती घातली आणि म्हणून ती पटली. दादाने कार्डाचे आकडे टाकले. ओटीपी आलाच नाही, पैसे थेट गेले. ४४५ डॉलर, शिवाय बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावरचा जीएसटी. खात्यातून अडतीस हजारांच्या वर रक्कम गेली. सरकारी पोर्टलवर पाच जणांचे १२५ डॉलर झाले असते.

एवढ्यावर थांबलं असतं तर जास्तीचे पैसे गेले म्हणून सोडून दिलं असतं. पण व्हिसे आले आणि बाबांनी चष्मा लावून पहिलाच कागद वाचला. वैध कधीपासून, तर ०५/०६. कधीपर्यंत, तर ०४/०७. पाच जून ते चार जुलै. आमचं विमान सहा मेचं. पाचही कागदांवर हेच. त्यांच्या फॉर्मवर कॅलेंडरमधून तारीख निवडायची होती, त्यांच्याकडून आलेल्या पोचपावतीच्या मेलमध्येही अक्षरात ‘मे ६’ असंच लिहिलेलं होतं. त्यांनी ती अमेरिकी पद्धतीने महिना आधी, दिवस नंतर अशी लिहून पुढे सरकारी पोर्टलवर तशीच टाकली होती. व्हिएतनाममध्ये आपल्यासारखाच दिवस आधी येतो.

दादाने साइटवरच्या चॅटवर लिहिलं. उत्तर आलं, की अर्जदाराने दिलेली तारीखच भरली आहे, दुरुस्तीचं शुल्क माणशी ४९ डॉलर. पोचपावतीचा स्क्रीनशॉट पाठवला तरी तेच उत्तर, शब्दही न बदलता. वर आणखी एक वाक्य, की चुकीच्या तारखेचा व्हिसा असेल तर एअरलाइन तुम्हाला विमानात चढू देणार नाही. हेही खरंच आहे, चेक-इन काउंटरवर व्हिसा तपासतात आणि परत पाठवतात. आईने त्या रात्री बॅग भरायची थांबवली. वहिनी म्हणाली, ‘दादांना सांगा, अजून एक पैसा द्यायचा नाही, आधी शोध घ्या.’ आपल्याच नवऱ्याला आमच्यासमोर ‘दादा’ म्हणायची तिची सवय आहे, पण त्या दिवशी आवाज वेगळा होता.

शोध घेतला तेव्हा ओळखीतल्या एका मुलीने खऱ्या पोर्टलचा पत्ता दिला. तिथे आपल्या अर्जाची स्थिती बघायची सोय आहे. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: अर्जाचा नोंदणी क्रमांक, अर्जात दिलेला ईमेल आणि जन्मतारीख. आमच्याकडे जन्मतारखेशिवाय काहीच नव्हतं. क्रमांक त्यांनी कळवला नव्हता आणि अर्जात ईमेल आमचा नव्हे, त्यांचा स्वतःचा टाकला होता. म्हणजे आमच्याच नावाच्या, आमच्याच पासपोर्टच्या अर्जात आम्हाला डोकावता येत नव्हतं. सरकारने काही विचारलं असतं, फोटो नाकारला असता, तर ते पत्र त्यांच्याकडे गेलं असतं आणि त्यांनी आमच्याकडून त्याचेही पैसे घेतले असते.

या धंद्याचं खरं कसब मला इथे दिसतं. खोटा व्हिसा छापून देणारेही असतात, पण तो विमानतळावर उघडा पडतो आणि सरळ गुन्हा ठरतो. ही मंडळी तसं करत नाहीत. तुमची माहिती घेऊन ते खऱ्याच पोर्टलवर २५ डॉलर भरतात, खराच व्हिसा काढून देतात आणि मधले पैसे खिशात घालतात. पानाच्या तळाशी, फिकट करड्या बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की ही खासगी सल्ला सेवा असून कोणत्याही सरकारशी तिचा संबंध नाही. वर झेंडा फडकवायचा आणि खाली हात झटकायचे. त्यामुळे तक्रार करायला गेलं की समोरचा विचारतो, ‘काम तर करून दिलंय ना?’

व्हिसाचं काम करून देणाऱ्या एजंटांबद्दल माझं काही म्हणणं नाही. आमच्या इथल्या एजंटाकडे गेलं तर तो समोर बसून सांगतो, सरकारी फी इतकी, माझे इतके, आणि काही चुकलं तर त्याच्या दुकानात जाऊन उभं राहता येतं. इंटरनेट वापरणं ज्यांना अवघड जातं त्यांनी खुशाल अशा माणसाकडून करून घ्यावं. इथे राग येतो तो सरकारचा मुखवटा घालण्याचा.

आम्ही शेवटी त्यांना दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत. खऱ्या पोर्टलवर पाचही जणांचे अर्ज नव्याने भरले, ईमेल स्वतःचा टाकला, २५-२५ डॉलर भरले. मधल्या सुट्ट्यांमुळे जिवाला घोर लागला होता. चौघांचे व्हिसे एकदम आले, आईचा मागे राहिला आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी आला. सहल झाली, आई-बाबा खूश आहेत.

पैशांचं सांगते, कारण बरेच जण इथेच सोडून देतात. कळल्याबरोबर दादाने बँकेच्या ॲपमधून कार्डाचे परदेशी व्यवहार बंद केले आणि कार्डही बदलून घेतलं. हे बटण रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे सगळ्याच बँकांना द्यावं लागतं. एरवी ते बंदच ठेवा, कारण परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपीशिवाय पैसे कापले जातात. मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली, त्या पोर्टलचा पत्ता सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन. १९३० ला जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जायची शक्यता जास्त, दोन दिवस विचार करत बसू नका. बँकेकडे व्यवहाराबद्दल लेखी हरकत घेतली. सोबत त्यांच्या पानाचे स्क्रीनशॉट, ‘मे ६’ लिहिलेली पोचपावती आणि चुकीचा व्हिसा असं सगळं जोडलं. हे कागद आधी जपून ठेवा, कारण ती साइट महिनाभरात वेगळ्याच नावाने दिसायला लागली.

पैशांहून जास्त काळजी मला पासपोर्टच्या प्रतींची वाटते. पाच जणांचे पासपोर्ट, फोटो, घरचा पत्ता, मोबाइल नंबर सगळं त्यांच्याकडे आहे आणि ते परत घ्यायची काही सोय नाही. तेव्हापासून ‘तुमच्या पासपोर्टवर पार्सल अडकलंय’ छापाचे फोन बाबांना येतात. ते त्या साइटवरूनच गेलं असं मी सिद्ध करू शकत नाही, पण आधी असे फोन येत नव्हते. बाबांना सांगून ठेवलंय, बोलायचं नाही, कट करायचा.

ही गोष्ट व्हिएतनामपुरती नाही. थायलंडने १ मे २०२५ पासून डिजिटल आगमन कार्ड सक्तीचं केलं, ते पूर्ण मोफत आहे. सिंगापूरचं आगमन कार्ड मोफत, मलेशियाचंही मोफत. तिन्हींच्या नावाने पैसे घेणाऱ्या साइट आहेत. श्रीलंकेच्या प्रवास परवान्याची साइट डॉट गव्ह डॉट एलकेने संपते. तुमच्या अमेरिकेतल्या, इंग्लंडमधल्या नातेवाइकांकडे तिकडचा पासपोर्ट असेल आणि ते ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) नसल्यामुळे भारताचा ई-व्हिसा काढत असतील, तर त्यांनाही आवर्जून सांगा. आपल्या सरकारचं पोर्टल इंडियनव्हिसाऑनलाइन डॉट गव्ह डॉट इन, आणि त्याच्या नकला तर भरपूर आहेत. आजी आजारी म्हणून घाईत येणारी नातवंडं त्यात हमखास अडकतात.

पत्ता वाचताना शेवटचा भाग बघायचा. पहिल्या एकट्या तिरक्या रेघेच्या आधी काय आहे ते. ‘गव्ह’ ही अक्षरं मध्ये कुठेही घालता येतात, ‘ऑफिशियल’ हा शब्दही कुणीही विकत घेऊ शकतो. पण डॉट गव्ह डॉट व्हीएन किंवा डॉट गव्ह डॉट इन हा शेवट खासगी माणसाला मिळत नाही. थायलंड, इंडोनेशियासारख्या काही देशांत तो डॉट गो डॉट टीएच, डॉट गो डॉट आयडी असा असतो. शंका आली तर त्या देशाच्या दिल्लीतल्या दूतावासाच्या साइटवरून दुव्याने जा, शोधून जाऊ नका. आणि शोधलंच तर ज्या निकालाला ‘प्रायोजित’ असं लिहिलंय तो उघडूच नका, ती पैसे देऊन वर आणलेली जाहिरात असते.

बँकेने आमची हरकत फेटाळली, कारण ‘सेवा पुरवली गेली’. बँकेने नाकारलं किंवा तीस दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. ती आम्ही केली आहे, कागद सगळे जोडले आहेत. यातून कुणाला पैसे परत मिळाले असतील, तर कोणत्या मुद्द्यावर मिळाले ते कृपया कळवा, आमच्या तक्रारीत तो मुद्दा जोडता येईल.