अर्ध्या सेकंदाची पल्स: टायमर रिलेत ठेवायचा की हबमध्ये?

गेटची मोटर, शटर, कॉम्प्युटरचं पॉवर बटण, जिन्यातल्या दिव्यांचा स्टेप रिले (दर दाबाला चालू-बंद बदलणारा). यांना स्विच नको असतो, बोटाचा एक दाब हवा असतो. कॉन्टॅक्ट क्षणभर जुळला आणि सुटला की काम झालं; यालाच पल्स म्हणतात. स्मार्ट रिले, म्हणजे बिनतारी आदेशावर चालणारा छोटा स्विच, मात्र दिवे-पंखे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला असतो. 'चालू' म्हटलं की चालूच राहतो. त्याला बटणासारखं वागवायचं तर 'बंद हो' हे त्याच्या आतच लिहून ठेवता येतं, किंवा हबकडून, म्हणजे घरातली स्मार्ट उपकरणं चालवणाऱ्या मध्यवर्ती यंत्रणेकडून, आधी 'चालू' आणि थोड्या वेळाने 'बंद' असे दोन आदेश पाठवता येतात. टेबलावर तासभर तपासलं तर दोन्ही सारखेच वाटतात. काहीतरी बिघडतं तेव्हा फरक कळतो. माझं मत आधीच सांगतो: कॉन्टॅक्ट ज्याने जोडला, त्यानेच तो सोडला पाहिजे.

हे मत अनुभवातून आलंय. कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीतून सुरू करता यावा म्हणून मी पॉवर बटणाच्या दोन पिनांना समांतर एक रिले जोडला होता. हबमध्ये साधा क्रम लिहिला: चालू, अर्धा सेकंद थांब, बंद. बरेच दिवस सुरळीत चाललं. मग एकदा 'चालू' पोचलं आणि 'बंद' वायफायमध्ये कुठेतरी हरवलं. पंखा फिरला, स्क्रीन उजळली आणि चार सेकंदांत सगळं विझलं. पॉवर बटण साधारण ४ सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो, तेच झालं होतं. कॉम्प्युटरवरचं बटण दाबूनही काही होईना. होणार कसं? समांतर जोडणीत एक कॉन्टॅक्ट आधीच जुळलेला असेल तर दुसरा दाबून काहीच फरक पडत नाही. गेटच्या बाबतीत तर हे जास्त त्रासाचं: इनपुट दाबलेलाच राहिला तर काही कंट्रोल बोर्ड गेट आपोआप बंद करत नाहीत.

टायमर रिलेतच

ठरल्या वेळेने रिले आपोआप बंद होण्याच्या सोयीला प्रत्येकाने वेगळं नाव दिलंय, म्हणून शोधताना गोंधळ होतो. शेली कंपनीच्या रिलेत ती 'ऑटो ऑफ' आहे. सोनऑफ कंपनीच्या रिलेंसाठीच्या ईवीलिंक ॲपमध्ये 'इंचिंग' म्हणतात, आणि तिथली वेळ अर्ध्या सेकंदाच्या टप्प्यांनी वाढते. टास्मोटा या रिलेत बसवायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये 'पल्सटाइम' ही कमांड आहे आणि तिचं गणित नीट समजून घ्यायला हवं: १ ते १११ हे आकडे सेकंदाचे दहावे भाग, तर ११२पासून पुढे आकड्यातून १०० वजा करून उरतील तितके सेकंद. म्हणजे अर्ध्या सेकंदासाठी ५ लिहायचं, पण एका मिनिटासाठी १६०. ६० लिहिलंत तर सहाच सेकंद मिळतील. ईएसपीहोम या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये स्विच चालू झाल्यावर ५०० मिलिसेकंदांचा विलंब आणि मग तोच स्विच बंद, अशा दोन-चार ओळी लिहाव्या लागतात; त्या बोर्डातच राहतात, त्यामुळे हबशी संबंध उरत नाही.

याचा सगळ्यात मोठा फायदा असा की आदेश कुठूनही येवो, ॲपमधून, भिंतीवरच्या बटणातून, आवाजाने किंवा कुणी चुकून बोट लावल्याने, पल्स तेवढीच निघते. तोटा एकच: पल्सची लांबी ठरलेली. कधी अर्धा सेकंद, कधी पाच, असं हवं असेल तर सेटिंग बदलत बसावं लागतं.

हबमध्ये

हबची बाजू कमकुवत नाही. गेट आधीच उघडं असेल तर पल्स देऊ नकोस, रात्री अमुक वेळेनंतर आधी विचार, असा विवेक रिलेकडे नसतो, हबकडे असतो. एकाच इनपुटवर 'उघड, थांब, बंद हो' असा क्रम फिरवणाऱ्या मोटरला तर याची फार गरज असते, कारण पल्स देताना गेट कुठल्या अवस्थेत आहे हे रिलेला कळत नाही; दारावरचा चुंबकी सेन्सर ते हबला सांगू शकतो. पण वेळ मोजायचं काम हबला देऊ नका. होम असिस्टंट या हबच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटोमेशन 'थांब'च्या पायरीवर असताना सिस्टिम रीस्टार्ट झाली, तर पुढची पायरी चालतच नाही. 'बंद' कधीच निघत नाही.

मधला एक मार्ग आहे आणि तो मला आवडतो: आदेशातच वेळ पाठवायची. 'चालू हो आणि अर्ध्या सेकंदाने बंद हो' हा एकच निरोप. झिगबी या स्मार्ट उपकरणांच्या बिनतारी जोडणीच्या मानकात असा आदेश आहे, आणि शेलीच्या स्थानिक आदेशांतही चालू करतानाच टायमर देता येतो. निरोप पोचला तर पूर्ण पोचतो, नाहीतर काहीच घडत नाही. शिवाय प्रत्येक वेळी लांबी वेगळी ठेवता येते. मात्र घरातल्या कुणी ॲप उघडून सरळ 'चालू' केलं तर त्या आदेशात वेळ नसते, आणि रिले चिकटून राहतो. म्हणून हा मार्ग घेतला तरी रिलेतला ऑटो ऑफ दोन सेकंदांवर लावून ठेवावा.

सेटिंगमध्ये 'मोमेंटरी' हा शब्द दिसला की अनेकजण तो निवडतात आणि पल्स मिळत नाही म्हणून वैतागतात. बहुतेक ठिकाणी तो शब्द इनपुटबद्दल असतो: रिलेला जोडलेलं भिंतीवरचं बटण स्प्रिंगचं आहे, एवढंच तो सांगतो. आउटपुटची पल्स वेगळीच जागा.

लांबीसाठी अर्ध्या सेकंदापासून सुरुवात करा. फार छोटी पल्स समोरचा बोर्ड कॉन्टॅक्टचा नुसता खडखडाट समजून गाळू शकतो.

मार्ग कुठलाही निवडा, दोन गोष्टी सुटू नयेत. वीज गेली-आली की रिले 'बंद' अवस्थेत उठला पाहिजे. 'आधीची अवस्था' हा पर्याय पल्ससाठी चुकीचा. ईएसपी८२६६ ही वायफाय चिप वापरून घरी बनवलेल्या बोर्डात काही पिना सुरू होतानाच क्षणभर हाय होतात, म्हणजे त्यांच्यावर व्होल्टेज येतं, त्यामुळे तिथे सेटिंग बरोबर असूनही वीज आली की गेट उघडू शकतं. पिन बदलणं हा सरळ उपाय. दुसरं, गेट किंवा कॉम्प्युटरच्या पिनांना ड्राय कॉन्टॅक्टचाच, म्हणजे स्वतःची वीज न सोडता फक्त दोन तारा जोडणारा, रिले लागतो. शेली १चा कॉन्टॅक्ट ड्राय आहे. वीजवापर मोजणाऱ्या १ पीएमच्या आउटपुटवर मात्र थेट फेज येतो. दिसायला दोघं भावंडं, पण चुकीचा लावला तर समोरचा बोर्ड जळतो. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.

जोडण्याआधी एक चाचणी करा. रिलेच्या आउटपुटला काहीही न जोडता पल्स दहा सेकंदांची ठेवा, आदेश द्या, पहिली 'टक' ऐकू आली की राउटरचा आणि हबचा प्लग काढा. दहा सेकंदांनी दुसरी 'टक' आली तर वेळ अर्ध्या सेकंदावर आणा आणि गेटच्या तारा जोडा.