ओट्याच्या काठाचा रंग फडक्याला लागला तेव्हा

फडकं काळं झालं तेव्हा मी आधी फडक्यालाच दोष दिला. दुसरं स्वच्छ फडकं घेतलं, तेही काळं. मग लक्षात आलं की रंग ओट्याचा निघतोय.

ओटा काळ्या ग्रॅनाइटचा. वरची बाजू कारखान्यातून पॉलिश होऊनच येते, पण कापलेला काठ करडा आणि खरखरीत असतो. तो घरी बसवल्यावर घासून घ्यायचा होता. आलेल्या कारागिराने मशीनला लावून घासायच्या चकत्या, म्हणजे सात पॅड, जमिनीवर ओळीने मांडले: 50, 100, 200, 400, 800, 1500, 3000. आकडा जितका मोठा, तितका पॅड बारीक. एवढी तयारी पाहून मी निर्धास्त झालो आणि आत जाऊन माझी कामं करत बसलो. ते पॅड घासायला कमी आणि मांडायलाच जास्त होते, हे नंतर कळलं.

संध्याकाळी दिव्याखाली काठ आरशासारखा दिसत होता. उरलेले पैसे मी लगेच दिले. तिसऱ्या आठवड्यात सिंकजवळचा काठ राखाडी पडला.

फोन केला, तर पहिलाच प्रश्न : "तुम्ही साबण कुठला वापरता?" नंतर म्हणाला, वर सीलर मारलाय, तो गेला असेल, पुन्हा मारून देतो, वेगळे पैसे लागतील. इथे मी सावध व्हायला हवं होतं, कारण सीलर दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत मुरतो आणि डाग आत जाऊ देत नाही. चमक आणणं हे त्याचं कामच नाही.

दुसऱ्या कारागिराने काही न बोलता कापसाचा बोळा, नेलपॉलिश काढायला वापरतात त्या अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून काठावर फिरवला. बोळा काळाकुट्ट, आणि खाली करडा दगड, त्यावर अर्धगोल ओरखडे. पहिल्याने साधारण 200 पर्यंत घासून पुढचे पॅड गाळले होते आणि वर काळा रंग मिसळलेलं मेण चोळलं होतं. प्रत्येक पॅड आधीच्या पॅडचे ओरखडे पुसतो. मधला एक जरी गाळला तरी ते ओरखडे पुढच्याला निघत नाहीत. ग्रॅनाइटचा काळेपणाही या घासण्यातूनच उघडा पडतो. खरखरीत पृष्ठभाग उजेड सगळीकडे विखुरतो, म्हणून तोच दगड करडा दिसतो. मेणाने ते खळगे तात्पुरते भरले, एवढंच.

पहिल्या कारागिराने काठ कोरडाच घासला होता. पाणी न वापरण्याचं कारण त्याने ऐटीत सांगितलं होतं : खालच्या कपाटांचं प्लाय फुगेल. मला ते पटलंही. उलट आत जाण्याआधी थोडा वेळ मीच त्याच्यासाठी व्हॅक्यूमची नळी धरून उभा राहिलो, तोंडाला रुमाल बांधून. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ असतं, त्याची बारीक धूळ, म्हणजे सिलिका, फुप्फुसांत बसते आणि तिथून निघत नाही. रुमालाने ती अडत नाही. शिवाय त्याने वापरला तो कापायचा ग्राइंडर, मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांचा. ओले पॉलिशचे पॅड साधारण चार हजारांपर्यंतच चालवायचे असतात. कोरडे आणि इतक्या वेगाने फिरवले की ते जळतात.

मापाचा घोळ तर मला दगडाचं काही न कळताही पकडता आला असता. ओटा 10 फूट लांब, 2 फूट रुंद. मागची बाजू आणि एक टोक भिंतीला चिकटलेलं, म्हणजे घासायचा काठ 12 फूट. बिलात 24 होते. सगळी परिमिती! भिंतीत गेलेला काठ त्याने कुठल्या हाताने पॉलिश केला, हे विचारायचंही मला सुचलं नाही.

दुरुस्तीला दीड दिवस लागला. कपाटांवर प्लास्टिक ताणून, वेग कमी-जास्त करता येणाऱ्या मशीनने, पाण्याची धार सोडत, पुन्हा 50 पासून. मशीनच्या प्लगला गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण होतं. पाणी आणि वीज एकत्र, तेव्हा त्याने ते लावल्याशिवाय बटण दाबलंच नाही. मी या वेळी शेजारी स्टूल टाकून बसलो आणि पॅड मोजले.

काम झाल्यावर काठ पूर्ण कोरडा होईपर्यंत थांबलो, कारण ओला दगड कसाही घासलेला असला तरी चमकतो. मग मोबाइलचा टॉर्च काठाला जवळजवळ टेकवून तिरपा धरला. ओरखडे असतील तर असेच दिसतात. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वरच्या बाजूला जितकं रेखीव, तितकंच काठावर दिसलं. शेवटी अ‍ॅसिटोनचा बोळा, तोही मी न सांगता त्यानेच पुढे केला. बोळा पांढराच राहिला. मग पैसे दिले, 12 फुटांचे.