बसका कप : बैठकीतल्या आठ महिन्यांचा अनुभव

वडोद्यात दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला आमच्या घरी महिन्यातून दोन रविवारी गाण्याची बैठक असते. साठ-सत्तर माणसं येतात, सगळी सतरंजीवर बसतात आणि मध्यंतरात चहा फिरतो. चहाची बाजू गेली अकरा वर्षं माझ्याकडे आहे. जूनपासून आम्ही नेहमीचे उंच, निमुळते कागदी कप सोडले आणि बुटके, रुंद बुडाचे कप वापरायला घेतले. आमच्याकडे त्यांचं नाव ‘बसका कप’ पडलंय. जून ते जानेवारी मिळून दोन हजारांच्या आसपास कप संपले. ज्यांना असे कप घ्यायचे असतील त्यांच्यासाठी हा अनुभव लिहिते आहे.

कप बदलण्याचं कारण आधी सांगते, कारण ते अजून मनात सलतं. मे महिन्यात एका तरुण तबलजीच्या मांडीशी कुणीतरी चहा ठेवला. मागून कुणाचा तरी पदर घासला आणि कप लवंडला. सगळा चहा डग्ग्यावर, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या हाताच्या वाद्यावर. तो डग्गा त्याला त्याच्या गुरूंनी दिलेला होता. चामड्याला ओल लागली की ते ढिलं पडतं. शाई म्हणजे त्या चामड्यावरचा काळा गोल, लोखंडाच्या किसाचा लेप, थरावर थर घोटून बसवलेला. तिच्या कडांत पाणी शिरलं की ती सुटायला लागते. पुडी, म्हणजे वर मढवलेलं चामडं, नवी बसवून घ्यावी लागली. पैसे आम्ही दिले, पण तो मुलगा काही न बोलता ओढणीने डग्गा टिपत राहिला, ते मी विसरू शकत नाही. ज्या गावात गवई मौलाबक्षांनी १८८६ साली गाण्याची शाळा काढली, जिथे फैयाज खाँ दरबारी गायक होते, तिथल्या बैठकीत आपल्या चहाने वाद्य खराब व्हावं, याची मला फार लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी मांडवीजवळच्या ठोक व्यापाऱ्याकडे गेले. म्हटलं, न पडणारा कप द्या. ते म्हणाले, “बेन, न पडे एवो कप तो स्टीलनो.” खरंच आहे. पण सत्तर पेले धुवायला आमच्याकडे माणसं नाहीत, आणि बैठक संपते रात्री साडेदहाला. प्लॅस्टिकचे कप तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. कुल्हड एकदा आणून पाहिले होते. मातीचं जड बूड असल्याने ते हलत नाहीत, ही त्यांची मोठी गंमत. पण पोत्यातच डझनभर फुटले, आणि वापरलेले कुल्हड कुठे टाकायचे हा प्रश्न उरलाच. शेवटी व्यापाऱ्यांनी आतून हे बुटके कप काढून दाखवले. मी शंभर कप घेतले.

फूटपट्टीने मोजलेली मापं देते. जुना कप: उंची ७० मिलिमीटर, तोंड ६६, बूड ४६. बसका कप: उंची ५८, तोंड ७८, बूड ६२. आम्ही दोन्हींत चहा सारखाच ओततो, एकशे दहा मिलिलिटरच्या आसपास. इथल्या चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, ‘अडधी’ (अर्धा चहा) मागितली तर मिळते त्यापेक्षा थोडा जास्त.

आता गंमत बघा. कप उलटतो तेव्हा त्याचं वजन बुडाच्या कडेच्या बाहेर गेलेलं असतं. म्हणजे वजन किती खाली आहे आणि बूड किती पसरलंय, एवढ्या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. जुन्या कपात चहा उभा राहतो, बसक्यात पसरतो. मी घरी पाटावर ओला पंचा घालून, म्हणजे कप घसरू नये म्हणून, दोन्ही कप पाणी भरून ठेवले आणि पाट एका बाजूने हळूहळू उचलला. कोन मोबाइलवर मोजला. जुन्या कपातून चोविसाच्या पुढे पाणी गळायला लागलं आणि तेहतीस अंशांच्या आसपास तो आडवा झाला. बसक्यातून तिसाच्या आसपास पाणी काठावरून आलं, पण कप पन्नास अंशांपर्यंत उभा होता; तोवर त्यात पाणी फारसं उरलंच नव्हतं. यातून मला एक गोष्ट कळली जी आधी कधी सुचली नव्हती. कप उलटण्याच्या आधीच चहा सांडतो. त्यामुळे बूड कितीही रुंद केलं तरी काठाखाली रिकामी जागा सोडली नाही तर उपयोग नाही. हे कप काठोकाठ भरणाऱ्याला त्यांचा फायदा अर्धाच मिळेल.

सतरंजीचाही यात हात आहे. स्टीलच्या ट्रेमध्ये कपाला धक्का लागला तर तो सरकतो आणि वाचतो. सतरंजीवर, चादरीवर तो अडतो. बूड जागच्या जागी राहतं आणि वरचा भाग पुढे जातो. म्हणून ज्या घरात टेबलावर चहा दिला जातो तिथे जुने कप वर्षानुवर्षं चालतात आणि कुणाची तक्रार नसते. आमच्यासारखं जमिनीवर बसणाऱ्यांनाच त्यांचा त्रास कळतो. आपल्या कप-बशीतली बशी नुसती ओतून प्यायला नव्हती, तिने कपाला रुंद बैठकही दिली होती, हे मला आत्ता या निमित्ताने जाणवलं. इथे वडोद्यात तर अजूनही जुने लोक बशीतूनच पितात.

बैठकीत फरक किती पडला? मी पहिले चार महिने वहीत नोंद ठेवली. आधीच्या काळात प्रत्येक बैठकीत तीन-चार कप हमखास लवंडायचे. जूननंतरच्या पहिल्या आठ बैठकांत मिळून तीन लवंडले. त्यातला एक लहान मुलाने उचलून ओतला. पुढे मी मोजणं सोडून दिलं. शेजारच्या आजींचे हात थरथरतात. त्या नेहमी चहा नको म्हणायच्या. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. ऑगस्टमध्ये त्या म्हणाल्या, “अगं, हा खाली ठेवला की बसून राहतो, मला अर्धा दे.” ‘अर्धा’ म्हणजे काठाखाली भरपूर जागा, आणि तो सांडला नाही. माझ्या मते या एका गोष्टीसाठीसुद्धा हा कप घ्यावा.

आता दोष. पहिला मोठा: चालताना हा कप जुन्यापेक्षा चांगला नाही. उलट काठोकाठ भरला तर वाईट आहे. याचं कारण मी शोधलं. क्रेचेत्निकोव्ह आणि मायर या दोघा संशोधकांनी २०१२ मध्ये चालताना कॉफी का सांडते यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांना त्याच वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. त्यांचं म्हणणं असं की कपातल्या द्रवाला स्वतःचा एक हेलकावा असतो, आणि आपल्या पावलांचा ठेका त्याच्या जवळ आला की हिंदकळणं वाढत जातं. सांडणं बहुधा सातव्या ते दहाव्या पावलाच्या दरम्यान होतं. आमच्या गॅसपासून पहिल्या रांगेपर्यंत बारा पावलं आहेत. तोंड जितकं रुंद, तितका हेलकावा सावकाश आणि पावलांच्या जवळ. म्हणजे जे रुंद तोंड बुडाबरोबर आपोआप येतं, तेच चालताना आड येतं. आमच्याकडे आता ट्रे नेणारी मुलं दोन-तीन पावलं टाकून क्षणभर थांबतात, मग पुढे जातात. दुसरा उपाय फेसाचा. चहा थोडा वरून ओतला की वर बुडबुड्यांचा थर बसतो, आणि असे अगदी थोडेसे थरसुद्धा हिंदकळणं बरंच शांत करतात, हे २०१५ च्या एका अभ्यासात दाखवलं गेलंय. लारीवाले काका वर्षानुवर्षं हात उंच करून ओततात, ते आम्हीही करायला लागलो. फेस लवकर जातो, पण बारा पावलांना पुरतो.

दुसरा दोष: चहा लवकर निवतो. तोंडाचा पसारा मोजला तर जुन्यापेक्षा सुमारे चाळीस टक्के जास्त भरतो. हिवाळ्यात मध्यंतर लांबलं की लोक कुरकुरतात. यावर मला चांगला उपाय सापडलेला नाही. आम्ही दोन फेऱ्या करतो, कमी-कमी चहा घालून.

तिसरा दोष जागेचा, आणि घरच्या माणसांच्या दृष्टीने हाच मोठा. पन्नासची चळत जुन्या कपांची ३७ सेंटिमीटर व्हायची, या कपांची ४६ होते, शिवाय जाडही. माळ्यावर हजार कप मावायचे तिथे आता सहाशे मावतात. मी व्यापाऱ्याला विचारलं, “तोंड थोडं अरुंद आणि बूड रुंद असा कप का बनवत नाहीत?” त्यांनी एका कारखान्यातून विचारून सांगितलं, आणि उत्तर पटलं. यंत्रात कागदाचा तुकडा निमुळत्या साच्याभोवती गुंडाळतात, शिवण दाबतात, अरुंद टोकाला बुडाची चकती बसवतात आणि कप साच्यावरून ओढून काढतात. बूड रुंद ठेवलं तर तो निघणारच नाही. निघाला तरी एकात एक बसणार नाही, आणि हवा वाहून नेण्याचं भाडं कोण देणार? म्हणजे आजवर कप निमुळता राहिला तो पिणाऱ्याच्या सोयीने नव्हे, चळतीच्या सोयीने. बसका कप हा या दोन्हींच्या मधला तह आहे.

किमतीचं सांगते. जुना कप मला साठ पैशांना पडायचा, हा पंचाण्णवला पडतो. एका बैठकीला पंचवीस रुपयांचा फरक. कुणीही हिशेब मागितला नाही.

मध्ये एकदा वेगळ्या ठिकाणाहून हाच कप मागवला, तो पातळ कागदाचा निघाला. रुंद कपाला हे चालत नाही. अरुंद कप पातळ कागदाचाही ताठ राहतो. रुंद कप बोटांनी दाबला की अंडाकृती होतो आणि चहा दोन बाजूंनी वर येतो. म्हणून घेताना काठाची गुंडाळी बोटाने चाचपून बघा. ती घट्ट आणि जाड हवी. रिकामा कप मधोमध चिमटीत दाबून सोडा. लगेच गोल झाला पाहिजे. बुडाखालची कडा सपाट जागेवर ठेवून चारी बाजूंनी टिचकी मारा. एका खेपेत दर दहात एक कप डुलत होता, कारण कडा वाकडी कापलेली होती. असा कप जुन्यापेक्षाही वाईट.

कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध दिलं तेव्हा कपांनी उत्तम साथ दिली. दूध दाट, थोडं सायीचं, ते हिंदकळतही कमी. उत्तरायणला मात्र वेगळं झालं. चौदा जानेवारीला गच्चीवर वारा होता (तो नसता तर पतंग तरी कसे उडले असते!), आणि रिकामे कप पत्र्यावरून घरंगळत शेजाऱ्यांच्या अंगणात गेले. भरलेला असताना जे बूड धरून ठेवतं ते रिकामं झालं की काही कामाचं नाही. चार ग्रॅमचा कागद वाऱ्याला पुरे. आम्ही तिळाच्या लाडवांचं ताट मधे ठेवलं आणि रिकामे कप त्याच्या कडेला एकात एक लावत गेलो. तिथेही चळत उंच होऊन एकदा पडलीच.

आणखी एक गोष्ट मी लपवणार नाही. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या अभ्यासात १०० मिलिलिटर गरम पाणी कागदी कपात पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लॅस्टिक कण सुटल्याचं आढळलं. बसक्या कपाने हे बदलत नाही. म्हणून आम्ही चहा ओतून ट्रे भरून ठेवणं बंद केलं; आता ओतला की लगेच फिरतो, आणि मध्यंतर संपायच्या आत कप गोळा होतात. जे नियमित येतात त्यांच्यापैकी दहा-बारा जण आता स्वतःची वाटी किंवा पेला घेऊन येतात. मला ते फार आवडतं. त्यांना मी जरा जास्त चहा देते.

कारखानदारांकडे मागायच्या दोन गोष्टी माझ्याकडे आहेत. आत ११० मिलिलिटरवर एक बारीक रेघ छापा, म्हणजे ओतणाऱ्याचा हात आपोआप थांबेल. मुलांना मी शब्दांनी सांगून थकले. आणि बुडाची कडा बाहेरच्या बाजूला दोन मिलिमीटर जरी पसरवता आली, कपाला पाय फुटल्यासारखी, तर तोंड रुंद न करताही बैठक मिळेल. हे साच्यात शक्य आहे की नाही ते त्या कामातले लोक सांगतील.

लारी चालवणाऱ्याला मी हा कप सुचवणार नाही. तिथे माणूस उभा राहून दोन मिनिटांत पितो, आणि गरब्याच्या मैदानावर तर कप हातातच असतो. जिथे माणसं खाली बसतात, पाय पसरतात, मध्ये वाद्यं, चष्मे, वह्या असतात, तिथे घ्या. आमच्याकडे तबलजींसाठी आता वेगळा नियम आहे. त्यांचा चहा बसक्या कपात, स्टीलच्या बशीत ठेवून, डाव्या हाताला वाद्यापासून हातभर लांब. तो मुलगा नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाजवायला आला होता. नव्या पुडीचा डग्गा आणला होता, आणि चहा मी स्वतः नेऊन ठेवला.