बारा आठवडे पर्यटनाचं इंग्रजी शिकल्यावर

मी नऊ वर्षं विमान तिकिटं आणि हॉटेल बुकिंगचं काम करते. दिवसातले निम्मे ईमेल इंग्रजीत, निम्मे फोनही इंग्रजीत. आपलं इंग्रजी कमी पडतंय असं कधी वाटलं नव्हतं. तरीही पर्यटन व्यवसायासाठीच्या इंग्रजीचा बारा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स मी पूर्ण केला, आणि त्याला कारण झालं एक विमान. सुटण्याची वेळ होती बारा तारखेला शुक्रवारी ००.०५. मी प्रवाशांना फोनवर सांगितलं, "फ्रायडे द ट्वेल्थ, फाइव्ह पास्ट मिडनाइट." वयस्कर पती-पत्नी होते. शुक्रवारी रात्री दहाला सामानासकट विमानतळावर पोचले, तेव्हा त्यांचं विमान जाऊन बावीस तास होत आले होते. माझ्या वाक्यात व्याकरणाची चूक नव्हती, उच्चाराचीही नव्हती. चूक कुठे झाली ते मला कितीतरी दिवस सांगता येत नव्हतं.

या कोर्सच्या चौथ्या आठवड्यात नेमका हाच प्रसंग आहे. तिथे शिकवतात की विमान सुटण्याची वेळ सांगण्याआधी माणसानं पोचायचं कधी ते सांगा: "प्लीज बी ॲट द एअरपोर्ट ऑन थर्सडे इव्हनिंग, द इलेव्हन्थ. युअर फ्लाइट लीव्ह्ज जस्ट आफ्टर मिडनाइट." आणि मग समोरच्याकडून वार आणि तारीख परत वदवून घ्या. तो धडा ऐकताना मी रेकॉर्डिंग थांबवलं आणि दोन्ही वाक्यं कागदावर उतरवली. तो कागद आजही माझ्या टेबलावर आहे.

कोर्सची रचना साधी आहे. दर आठवड्याला दोन रेकॉर्ड केलेले धडे आणि आठ जणांच्या गटाचा एक तासाचा थेट वर्ग. पातळी युरोपीय मोजपट्टीवर बी-१ ते बी-२, म्हणजे बोलता येतं पण अडखळायला होतं अशांसाठी. त्याखालच्या ए-२ पातळीच्या माणसाला दुसऱ्या आठवड्यातच दम लागेल. आमच्या गटातल्या एकीनं त्यामुळेच कोर्स सोडला. तिला आधी कुणीतरी तसं सांगायला हवं होतं.

सगळ्यात उत्तम भाग फोनवरच्या संभाषणाचा. नाव आणि कोड अक्षर-अक्षर सांगायला अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही अक्षरमाला नागरी विमान वाहतुकीत १९५६ पासून चालत आली आहे. मला ती तोंडपाठ होती, पण ती अशी का आहे हे इथे पहिल्यांदा कळलं. जे अक्षरासाठीच्या ज्युलिएटच्या अधिकृत स्पेलिंगमध्ये शेवटी दोन टी आहेत, कारण एकच टी असता तर फ्रेंच भाषकांनी तो उच्चारलाच नसता. अक्षरमाला ऐकणाऱ्याच्या बाजूनं बनवली आहे, हे शिक्षिकेनं इतकं छान समजावलं की पुढचे सगळे धडे मी त्याच नजरेनं ऐकले. आपल्याला याची गरज इतरांपेक्षा जास्तच आहे. इंग्रजीत व्ही आणि डब्ल्यू ही दोन अक्षरं आहेत आणि आपण दोन्हींसाठी एकच 'व' वापरतो. आडनाव टिपताना व्हिक्टर (व्ही) की व्हिस्की (डब्ल्यू) एवढं विचारलं की प्रश्न मिटतो. सहा अक्षरी पीएनआरमध्ये, म्हणजे बुकिंगच्या कोडमध्ये, एम आणि एन, बी आणि डी यांचंही तेच. विमानतळाच्या कोडमध्ये तर एका अक्षरानं देश बदलतो: एस-जे-सी म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे आणि एस-जे-ओ म्हणजे कोस्टा रिकातलं.

तारखांवर तासभर घालवला तेव्हा आधी वाटलं, एवढं काय? पण ०३/०४ हे ब्रिटनमध्ये ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. महिना अक्षरात लिहायचा, हा नियम मी त्याच संध्याकाळी लागू केला. आपला 'परवा'सुद्धा मागचा असतो आणि पुढचाही. समोर बसलेल्याला तो संदर्भानं कळतो. फोनवरच्या परक्या माणसाकडे तेवढा संदर्भ नसतो.

मग येतात ओळखीचे वाटणारे शब्द. डायरेक्ट फ्लाइट म्हणजे नॉन-स्टॉप नव्हे. डायरेक्ट विमान मध्ये उतरू शकतं, फक्त फ्लाइट नंबर तोच राहतो. डबल रूममध्ये एक मोठा पलंग, ट्विनमध्ये दोन वेगळे. ब्रिटिश माणसाचा फर्स्ट फ्लोअर अमेरिकनाच्या सेकंड फ्लोअरला असतो. यादी कुठेही मिळेल, पण इथला सल्ला यादीपलीकडचा आहे: ग्राहकाला तो शब्द माहीत असेल असं धरूच नका. "वन लार्ज बेड ऑर टू सेपरेट बेड्स?" असं विचारा. सोपं बोलणं म्हणजे कमी शिकलेलं बोलणं, हा माझा समज या कोर्सनं मोडला.

नम्रतेचा भागही मनापासून आवडला. मराठीत 'पासपोर्ट द्या' म्हटलं की 'द्या'मध्येच मान येतो. तेच इंग्रजीत शब्दशः नेलं तर हुकूम सोडल्यासारखं होतं. तिथे आदर प्रश्नाच्या रूपात जातो: "कुड आय सी युअर पासपोर्ट, प्लीज?" थेट वर्गात ओव्हरबुकिंगचा, म्हणजे हॉटेलनं खोल्यांपेक्षा जास्त बुकिंग घेतल्याचा, प्रसंग करून पाहताना मी एका मिनिटात पाच वेळा सॉरी म्हटलं. शिक्षिकेनं थांबवलं आणि म्हणाल्या, एकदा माफी मागा, मग लगेच सांगा की आज रात्री पाहुणा झोपणार कुठे. त्याला तेच ऐकायचं असतं.

आता उणिवा. ऐकण्याच्या रेकॉर्डिंगमधले जवळपास सगळे आवाज ब्रिटिश किंवा अमेरिकन आहेत. माझे रोजचे फोन कोरियन, ब्राझिलियन, इटालियन माणसांचे असतात. दोघांचीही मातृभाषा इंग्रजी नसताना होणारं संभाषण हाच या व्यवसायाचा मोठा भाग, आणि त्याचा सराव नगण्य. उच्चार तपासणारं साधनही मूळ इंग्रजांसारखं बोलण्याला गुण देतं, स्पष्ट बोलण्याला देत नाही. ते मी तिसऱ्या आठवड्यानंतर वापरलं नाही. एक धडा तर कागदी तिकिटांच्या कूपनवर आहे. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेनं १ जून २००८ पासून ई-तिकीट सर्वत्र लागू केलं, तेव्हा तो धडा केव्हाच निघायला हवा होता. त्या जागी चॅटवरून ग्राहकाला उत्तर कसं द्यायचं ते शिकवता आलं असतं.

पण मनाला खरं लागलं ते व्हीलचेअरचं. संपूर्ण कोर्समध्ये त्यावर एक ओळ आहे: "डू यू नीड अ व्हीलचेअर?" एवढ्यानं काहीच कळत नाही. विमान कंपन्यांचे यासाठी तीन मुख्य कोड आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे प्रवासी जिना चढू शकतो, पण लांब चालू शकत नाही. डब्ल्यूसीएचएस म्हणजे जिना चढता येत नाही, आसनापर्यंत मात्र जाता येतं. डब्ल्यूसीएचसी म्हणजे आसनापर्यंतसुद्धा मदत लागते. कोड चुकला तर माणूस विमानाच्या शिडीशी अडकून बसतो आणि अनोळखी लोकांसमोर त्याला आपलं दुखणं सांगत बसावं लागतं. त्यासाठी विचारायचे प्रश्न कठीण नाहीत, पण ते हळुवार विचारावे लागतात आणि ते शिकवावे लागतात. मी माझ्यापुरते तयार केले: "कॅन यू मॅनेज स्टेअर्स?" "कॅन यू वॉक टू युअर सीट, ऑर वुड यू लाइक हेल्प?" "विल यू बी ब्रिंगिंग युअर ओन चेअर?" हे तिन्ही प्रश्न शेवटच्या अभिप्रायात आयोजकांना लिहून पाठवले आहेत, आणि यावर पूर्ण धडा करणार असाल तर सरावाची संभाषणं मी लिहून देईन असंही कळवलं आहे.