मासात्लानमध्ये प्यायचं पाणी: गार्राफोन की फिल्टर?

निवृत्तीनंतर मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या मासात्लान शहरात घर करणाऱ्या अमेरिकन जोडप्याला हा पेच हमखास पडतो.

गार्राफोन म्हणजे २० लिटरची बाटली. रिकामी देऊन भरलेली घ्यायची. पिणं-स्वयंपाक धरून दोघांना आठवड्याला साधारण दोन पुरतात. २० किलोची बाटली उचलून पालथी करणं पाठीला झेपत नसेल, तर बाटलीवर बसणारा हातपंप घ्या.

फिल्टरचा खर्च आधी. मग त्यातली बदलायची काडतुसं (कार्ट्रिज) आणि वर्षाला यूव्ही दिवा, म्हणजे जंतू मारणारा अतिनील दिवा. गोम आहे गच्चीवरच्या टाकीत, म्हणजे तिनाकोत. गाळ तिथे साचतो, आणि गढूळ पाण्यात यूव्हीचा उपयोग नाही. म्हणून आधी ५ मायक्रॉनचं गाळण, मग कार्बन, यूव्ही शेवटी. कार्बन क्लोरीन शोषतो, त्यामुळे त्यात जंतू वाढू शकतात. पाणी खारट असेल तर आरओच, म्हणजे क्षार काढणारा फिल्टरच हवा. पण ५ मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब जेमतेम ७ पीएसआय (दाबाचं एकक), त्यामुळे दाब वाढवणारा बूस्टर पंप आलाच. शिवाय आरओ बरंच पाणी वाया घालवतो.

स्वतःच्या घरात बारमाही राहणाऱ्यांनी फिल्टर बसवावा. फक्त हिवाळ्यापुरते येणाऱ्यांना गार्राफोनच बरा. बंद घरातल्या फिल्टरमध्ये पाणी महिनोन्‌महिने कुजत राहतं. वादळात वीज गेली की यूव्हीही बंद, तेव्हा वादळांच्या हंगामात, म्हणजे मेच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेर, फिल्टरवाल्यांनीही दोन भरलेल्या बाटल्या घरात ठेवाव्यात.