डेकोरेटरकडची जोडणी आतल्या फंक्शनला द्यायची कशी?

डेकोरेटर म्हणजे एखादं फंक्शन दुसऱ्या फंक्शनमध्ये, म्हणजे रॅपरमध्ये, गुंडाळून त्याच्या आधी-नंतर काही काम जोडायची सोय; पायथनमध्ये ती २००४ साली, २.४ आवृत्तीत आली. डेकोरेटरने डेटाबेसची जोडणी उघडली तरी आतल्या फंक्शनला ती दिसत नाही. कारण फंक्शन नावं शोधतं ती जिथे लिहिलं गेलं तिथे, रॅपरच्या पोटात नव्हे. मग उरतात तीन वाटा.

पहिली, जोडणी सरळ आर्ग्युमेंट म्हणून पाठवायची. फंक्शनला काय लागतं ते पहिल्या ओळीतच वाचता येतं आणि टेस्टमध्ये खोटी जोडणी देणं सोपं जातं. खाचखळगे आहेतच. पहिल्या जागी पाठवली तर मेथडमध्ये ती थेट 'सेल्फ'च्या, म्हणजे त्या ऑब्जेक्टच्या, जागी जाऊन बसते, म्हणून कीवर्डने, म्हणजे नाव लिहून, पाठवा. पण तेच कीवर्ड बोलावणाऱ्यानेही दिलं की टाइपएरर. शिवाय मूळ फंक्शनची ओळख रॅपरवर उतरवणारं 'रॅप्स' वापरलंत की सिग्नेचरमध्ये, म्हणजे आर्ग्युमेंटच्या यादीत, हे आर्ग्युमेंट बाहेरच्यांनाही दिसतं. टेस्ट चालवणारं पायटेस्ट मग त्या नावाचं फिक्श्चर, म्हणजे टेस्टला आयती पुरवायची वस्तू, शोधत बसतं.

दुसरी, जोडणी फंक्शनलाच ॲट्रिब्यूट म्हणून चिकटवायची. दिसायला सुटसुटीत, आणि मी यात हात पोळून घेतलेत. दोन थ्रेड, म्हणजे प्रोग्रामातले समांतर चालणारे धागे, एकाच वेळी आले आणि एकाची जोडणी दुसऱ्याने वापरली. लॉगमध्ये चूक म्हणावं असं काही नाही, फक्त आकडे भलत्याच ग्राहकाचे. वर दुसरा डेकोरेटर चढवला तर आणखी गंमत: 'रॅप्स' ॲट्रिब्यूटची नक्कल गुंडाळतानाच करतं. नंतर आतल्या रॅपरवर ठेवलेली जोडणी बाहेरच्यावर येत नाही, आणि फंक्शनचं नाव तर बाहेरच्याकडेच बोट दाखवतं. न बदलणाऱ्या सेटिंगसाठी चालेल, एरवी नको.

तिसरी, कॉन्टेक्स्टव्हार्स, म्हणजे प्रत्येक कामापुरती वेगळी किंमत जपणारी व्हेरिएबलं, २०१८ च्या ३.७ पासून. अनेक कामं आलटून-पालटून चालवणाऱ्या असिंकआयओच्या प्रत्येक टास्कला कॉन्टेक्स्टची स्वतःची प्रत मिळते, त्यामुळे सरमिसळ होत नाही. फक्त चूक झाली तरी शेवटी चालणाऱ्या 'फायनली'मध्ये, किंमत ठेवताना मिळालेलं टोकन देऊन ती रीसेट करायला विसरू नका. तोटा एवढाच की फंक्शन वाचून कळत नाही, जोडणी कुठून आली.

जोडणी त्याच फंक्शनला हवी असेल तर मी डोळे मिटून पहिली वाट घेतो. चार-पाच फंक्शनं खाली, लॉगिंगसाठी रिक्वेस्टचा क्रमांक न्यायचा असेल, तर मधल्या प्रत्येकाच्या हातात तो देत बसण्यापेक्षा तिसरी बरी. ३.१० किंवा पुढची आवृत्ती असेल तर 'पॅरामस्पेक' (फंक्शनची आर्ग्युमेंटं जशीच्या तशी पुढे सांगणारं) आणि 'कॉनकॅटिनेट' (त्यांच्या आधी एखादं जोडणारं) यांमुळे टाइप तपासणीही जमते. मात्र 'कॉनकॅटिनेट'ला पहिल्या जागेचंच आर्ग्युमेंट चालतं, कीवर्ड नाही. तेव्हा टाइप हवे असतील, तर साध्या फंक्शनांत जोडणी पहिल्या जागी ठेवा.