पीपीएल: शनिवार-रविवारी शिकावे की सलग रजा काढून?

पीपीएल, म्हणजे हौशी वैमानिकाचा खाजगी परवाना, काढायचा तर किमान ४० तासांचे उड्डाण लागते. तासाचा दर गुणिले ४० हे गणित तुम्ही करून बघितले असेलच. मीही ठाण्यात घरी बसून ते केले होते. मेडिकल, परीक्षा फी, आरटीआर (विमानातल्या रेडिओचा परवाना), हेडसेट हेही धरले होते. पण खरा खर्च ठरतो तो दोन उड्डाणांमध्ये किती दिवस जातात त्यावर.

पहिले चार महिने मी शनिवार-रविवारवाला होतो. नोकरी शाबूत, पैसे पगारातून थोडे थोडे जायचे. ही सोय मोठीच आहे. फ्लाइंग स्कूल धुळ्याचे घ्या की बारामतीचे, ठाण्याहून पाच-सहा तास. भिवंडी किंवा कळंबोलीच्या कोंडीसकट तेही मी निभावले.

खुपले ते वेगळेच. एका शनिवारी धुके, पुढच्या खेपेला आडवा वारा मर्यादेबाहेर, त्यानंतर विमान शंभर तासांच्या तपासणीला. तीन आठवड्यांनी कॉकपिटमध्ये बसलो की फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणे) उंचावरच व्हायचा, नाहीतर चाके आपटायची. हात विसरलेले असायचे. सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, सोडायचे राहून जायचे आणि इन्स्ट्रक्टर पुन्हा ड्युअल सर्किट्स (सोबत बसून धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या) घ्यायचे, आणि त्यांचे बरोबरच होते. पण बिल त्याही तासांचे होते. लॉगबुक घेऊन बसलो तेव्हा दिसले, १८ तासांपैकी जवळजवळ ६ तास शिकलेलेच पुन्हा शिकण्यात गेले होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग सात आठवड्यांची बिनपगारी रजा काढली, धावपट्टीजवळ खोली घेतली. आज धुक्याने हुकलेले उड्डाण उद्या व्हायचे, कालची चूक हातात ताजी असायची. नवव्या दिवशी पहिला सोलो झाला. १५० सागरी मैलांच्या सोलो क्रॉसकंट्रीलाही (एका विमानतळावरून दुसऱ्यावर जाण्याचे लांबचे उड्डाण) उजळणीचे ड्युअल लागले नाही. एकूण ४९ तासांत काम झाले.

पगार बुडाला, खोलीभाडे गेले. तुमचा पगार मोठा असेल किंवा घराचा हप्ता डोक्यावर असेल, तर ताळा उलटाही येईल. दर आठवड्याला न चुकता जाणे जमत असेल, तर शनिवार-रविवारही वाईट नाही. मला विचाराल तर मात्र रजाच.

पेपरांचा अभ्यास आणि मेडिकल नोकरी करताना पावसाळ्यातच उरका, आणि रजा फेब्रुवारीपासून घ्या. धुके ओसरलेले असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात विमान हिंदकळायला लागते त्याच्या आत बरेचसे तास पदरात पडतात.